गर्भाचं ऋण आणि सद्गुरूंचा न्याय

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या आधी आमच्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. मोरगाव हे मयूरेश्वराचं गाव, पण दत्तसेवेतही ते मागे नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या दिवशी विसावा अध्याय वाचला गेला. शिरोळच्या गंगाधर ब्राह्मणाच्या पत्नीची पाच मुलं गेली. कारण निघालं ते असं, की पूर्वजन्मी तिनं एका शौनकगोत्री ब्राह्मणाचे शंभर रुपये बुडवले. त्यानं जीव दिला आणि पिशाच होऊन तो तिची मुलं नेत होता.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, देव शंभर रुपये विसरला नाही. मग आपलं काय?"

तिचा प्रश्न मला लगेच कळला. वाचकांना कळावा म्हणून आमची गोष्ट सांगतो. १९८६ साली आम्हाला एक मुलगी होती आणि सौ.ला पुन्हा दिवस गेले होते. घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, शहरात जाऊन गर्भजल तपासून या. तेव्हा तशी तपासणी उघड चालायची. मुलगी निघाली. पुढे काय करायचं हे तिला कोणी विचारलं नाही, मीही नाही. पैसे मीच भरले आणि दुसऱ्या दिवशी बँकेत काउंटरवर जाऊन बसलो. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही.

महाराष्ट्रानं १९८८ साली या तपासणीविरुद्ध कायदा केला. देशात तो पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे राज्यात मुली किती? १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात तर त्या वर्षी ८०७. म्हणजे आमच्यासारखी घरं पुष्कळ होती.

सौ.च्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. त्यातले तीन मुद्दे मांडतो.

पहिला. देवळात काहीजण म्हणतात, गर्भ पाडला तो पाडला, सगळं पाप एकच. जुन्या धर्मग्रंथांनी भ्रूणहत्या महापातकात धरली आहे हे खरं. पण आईचा जीव धोक्यात आहे, एखादीवर अत्याचार झालाय, अशा वेळी १९७१ च्या कायद्यानं वाट ठेवली. आजारपणासाठी काढलेली रक्कम आणि अफरातफर, दोन्हींत पैसे कमीच होतात. पण कोणताही हिशेबनीस त्यांना एक म्हणणार नाही. पैसे गेल्याचं दुःख दोन्हीकडे असतं, गुन्हा मात्र एकीकडेच. नुसती मुलगी आहे म्हणून नाकारणं ही अफरातफर. आमची ती होती.

दुसरा. पाप कोणाच्या खात्यावर? पूर्वी विधवेला दिवस गेले की ती गर्भ पाडायची, नाहीतर झालेलं मूल मारायची, आणि शिक्षा तिलाच व्हायची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा, असं सांगितलं. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' लिहून विचारलं, की दोष एकट्या बाईचाच कसा? आमच्या घरीही सगळे सौ.कडेच बघायचे. पुन्हा दिवस राहिले नाहीत तेव्हा 'देवानं दाखवलं' म्हणाले, तेही तिलाच.

तिसरा. व्यंग असलेलं मूल ही देवाची शिक्षा का? २००८ साली मुंबईच्या एका दांपत्यानं, गर्भाच्या हृदयात दोष आहे म्हणून, वीस आठवड्यांनंतर गर्भपाताची परवानगी हायकोर्टात मागितली. ती मिळाली नाही. पुढे २०२१ साली कायदा बदलला. गर्भात गंभीर दोष असेल तर आता वैद्यकीय मंडळ निर्णय देतं. अशा आईबापांना पापी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, तसंच असं मूल वाढवणाऱ्यांना 'पूर्वजन्मीचं भोगतायत' म्हणण्याचाही नाही. गुरुचरित्रात पीठापूरच्या सुमतेचे दोन मुलगे एक आंधळा, एक पांगळा होते. श्रीपाद श्रीवल्लभ त्याच घरी अवतरले. आणि लोकांच्या निंदेला कंटाळून मतिमंद मुलाला घेऊन नदीत जीव द्यायला निघालेल्या मातेला त्यांनीच अडवलं. निंदा करणारे मात्र काठावरच राहिले.

आता सौ.चा प्रश्न. विसावा अध्याय अर्ध्यावर सोडला तर भीतीच उरते. पुढे ती बाई औदुंबराखाली सेवा करते. आपल्याजवळ शंभर रुपये नाहीत, असं खरं तेच सांगते. तेव्हा सद्गुरू पिशाचालाच बजावतात, की तिला जमेल तेवढं घे आणि तिला सोड. मी बँकेत तीसेक वर्षं वसुली पाहिली. देणं नाकबूल करणाऱ्याशी तडजोड होत नाही, कबूल करणाऱ्याशी होते. सद्गुरूंचा न्याय मला तसा वाटतो. मूल न होणं ही त्यांनी केलेली वसुली असेल असं मी मानत नाही. ऋण मात्र आहे, आणि ते माझं आहे.

हे मी त्या रात्री सौ.ला सांगितलं. "चूक तुझी नव्हती, माझी होती." अडतीस वर्षांत पहिल्यांदा. ती काही बोलली नाही. सकाळी पूजेला दोघांची आसनं तिनं शेजारी मांडली.

तेव्हापासून दर दत्तजयंतीला आम्ही गावातल्या एका मुलीची वर्षाची फी भरतो. फिटलं असं म्हणत नाही. जमेल तेवढं.

वडीलधाऱ्यांना एकच विनंती. एकोणचाळिसाव्या अध्यायात साठीच्या वंध्येला महाराजांनी आधी कन्या दिली, मग पुत्र. नातसुनेला दिवस गेले की 'नातूच हवा' असं म्हणू नका. तुमचा तो एक शब्द घरात हुकमासारखा पडतो. आमच्या घरी पडला होता.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.