न्हाणीतले पाणी एकाएकी कढत का होते?

गडमुडशिंगी हे कोल्हापूरजवळचे, करवीर तालुक्यातले गाव. इथे आता पुष्कळ घरांवर पाण्याची टाकी दिसते. काही ठिकाणी टाकीशेजारी उन्हावर पाणी तापवणारा सौर बंबही असतो.

समजा, अशा एका घरात आजी नातवाला न्हाऊ घालते आहे. गार आणि कढत पाणी मिसळून तिने शॉवर बेताचा केला आहे. इतक्यात सूनबाई स्वयंपाकघरात नळ सोडते. लगेच शॉवरचे पाणी कढत होते, अन् पोर किंचाळते. नळ बंद केला, की पाणी पुन्हा बेताचे!

बंब बिघडला काय? नाही. दोष नळीचा आहे.

आपल्या उसाच्या शेतात काय होते बघा. पाट अरुंद आहे. एका सरीला पाणी चालू असताना दुसरी फोडली, तर पहिलीचे पाणी कमी होते. घरातही तेच. न्हाणीला आणि स्वयंपाकघराला गार पाणी एकाच बारीक नळीने येते. स्वयंपाकघराने वाटा घेतला, की न्हाणीचे गार पाणी कमी पडते. कढत पाण्याची नळी वेगळी. ते पहिल्याइतकेच येत राहते.

यात धोका आहे. सौर बंबातले पाणी कडक उन्हात ६० अंशांच्या वर जाऊ शकते. असे पाणी मोठ्या माणसालाही काही सेकंदांत भाजते. लेकराची कातडी तर नाजूकच.

आता थोडा हिशेब करू. एक इंची नळीतून अर्ध्या इंचीच्या दुप्पट पाणी येईल, असे पुष्कळांना वाटते. कागदावर एक इंचाचा चौकोन काढा. त्यात अर्ध्या इंचाचे चौकोन किती बसतात? चार. गोल तोंडाचाही हिशेब तोच. शिवाय बारीक नळीत पाणी कडेला जास्त घासते. म्हणून टाकी तीच असली, तरी एक इंची नळीतून पाणी चौपटीहूनही जास्त येते.

घर बांधणाऱ्यांना आमचे सांगणे असे:

१. टाकीवरून उतरणारी मुख्य नळी निदान एक इंची घ्या. अर्धा इंची नळी फक्त शेवटी, तोटीजवळ.

२. न्हाणीच्या गार पाण्याची नळी टाकीपासूनच वेगळी काढा. बंबाचीही वेगळी ठेवा.

३. टाकी उंच ठेवा. उंचीनेच पाण्याला जोर येतो.

४. जुन्या लोखंडी नळीला आतून गंज चढतो, तिचे तोंड बारीक होते. ती बदला.

नळ्या एकदा भिंतीत गेल्या, की भिंत फोडावी लागते. चार पैसे आधीच नळीवर घाला. तोवर लेकराला शॉवरखाली धरू नका. बादलीत आधी गार, मग कढत पाणी घ्या. कोपर बुडवून बघा, मगच अंगावर घाला.

सांगा पाहू:
१. स्वयंपाकघरातला नळ सोडल्यावर न्हाणीतले कोणते पाणी कमी होते?
२. एक इंची नळीचे तोंड अर्ध्या इंचीच्या किती पट असते?
३. तुमच्या घरची मुख्य नळी किती इंची आहे? बघून वहीत लिहा.