‘इंडिव्हिज्युएट’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

‘इंडिव्हिज्युएट’ हें इंग्रजी क्रियापद बोलण्यांत क्वचितच येतें. तत्त्वज्ञान, कायदा व शास्त्र यांवरील लेखनांत तें आढळतें. ‘श्रेष्ठ ठरविणें’ असा त्याचा अर्थ कोणीं केल्यास तो चुकेल. एकाच जातीच्या अनेक वस्तूंतून एक वस्तु अशी निराळी करणें कीं, तिच्या ठिकाणीं दुसरी कोणतीही घेतां येऊं नये, हा त्याचा खरा अर्थ होय.

मूळ लॅटिन शब्द ‘ज्याचे भाग पडत नाहींत तें’ असें सांगतो. आपला ‘व्यक्ति’ हा शब्द निराळ्या वाटेनें आला आहे. त्याचें मूळ ‘प्रकट होणें’ ह्या अर्थाचें. म्हणून येथें ‘व्यक्त करणें’ असें भाषांतर केलें तर घोटाळाच व्हावयाचा. ‘नेमकें निराळें ठरविणें’ असें म्हटलें म्हणजे चालेल.

सेलू येथील वाचकांस उदाहरणासाठीं दूर जावयास नको. ह्या नांवाचीं तालुक्याचीं गांवें महाराष्ट्रांत दोन आहेत : एक वर्धा जिल्ह्यांत, दुसरें परभणी जिल्ह्यांत. पाकिटावर नुसतें ‘सेलू’ लिहिलें तर नांव कळतें, पण गांव कळत नाहीं. अशा वेळीं इंग्रजींत म्हणतात कीं, तें नांव गांवास ‘इंडिव्हिज्युएट’ करीत नाहीं. रेल्वेवर आपलें स्टेशन ‘सेलू रोड’ आणि परभणीकडील नुसतें ‘सेलू’. ‘रोड’ हा शब्द स्टेशन गांवापासून दूर आहे एवढेंच सांगण्यासाठीं लावितात, तरी त्यानें हेंही काम आपोआप साधतें.

याहून बोलकें उदाहरण वर्ध्याजवळच आहे. १९३६ सालीं गांधीजी ज्या खेड्यांत राहावयास आले त्याचें नांव शेगांव होतें. बुलढाणा जिल्ह्यांतही शेगांव आहे, व तें मोठें, रेल्वेवरील. गांधीजींचीं पत्रें तिकडे जाऊं लागलीं, तेव्हां १९४० सालीं ह्या खेड्याचें नांव सेवाग्राम ठेविलें. पुढें १९७२ सालीं टपाल खात्यानें पिनकोड आणिला. वर्ध्याकडील ४४२ ह्या आंकड्यांनीं व परभणीकडील ४३१ ह्यांनीं सुरू होतो. तथापि पिनकोड हा टपाल कचेरीचा असतो, एका कचेरीखालीं अनेक खेडीं असतात, म्हणून गांवाचें नांव सोडून चालत नाहीं.

‘डिस्टिंग्विश’ म्हणजे वस्तूंतील भेद दाखविणें. ‘इंडिव्हिज्युअलाइज’ म्हणजे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें करणें, जसें शिक्षक प्रत्येक मुलाचा अभ्यास निराळा नेमितो. हीं क्रियापदें एकमेकांच्या जागीं घालूं नयेत.

मीखा संदेष्ट्यानें ‘बेथलेहेम एफ्राथा’ असें म्हटलें आहे. जबुलून वंशाच्या वतनांतही एक बेथलेहेम होतें. उपदेशक बंधूंनीं बाप्तिस्म्याची वही लिहितांना हें ध्यानांत आणावें. ‘रूथ, सेलू’ एवढीच नोंद असली, आणि चाळीस वर्षांनीं त्या नांवाच्या दोन बाया दाखला मागावयास आल्या, तर पाळकसाहेबांनीं तो कोणास द्यावा? आईबापांचीं नांवें, जन्मतारीख, गांव, तालुका व जिल्हा हीं लिहावयास दोनच ओळी जास्त लागतात.