सागाचा पाचोळा जातो कुठे?

प्रश्न : उन्हाळ्यात टिपेश्वरकडच्या सागवनात घोट्यापर्यंत पाचोळा असतो. दिवाळीनंतर पाहिलं तर बराचसा नाहीसा झालेला. कोणी झाडत नाही, उचलत नाही. मग तो जातो कुठे?
— एक वाचक, पांढरकवडा

उत्तर : तो त्याच जमिनीत मुरतो. वाळलेलं पान, पडलेलं लाकूड, शेण, मेलेलं जनावर हे सारं कुजवून त्यातली अन्नद्रव्यं मातीला परत देणाऱ्या जिवांना विघटक म्हणतात. चमचाभर सुपीक मातीत असे कोट्यवधी जिवाणू असतात.

त्यांना ओल लागते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पाचोळा नुसता वाजत राहतो आणि मृगाच्या सरी आल्या की कुजायला लागतो. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, तो बराचसा जिओस्मिन या द्रव्याचा असतो. ते द्रव्य बनवणारे मातीतले जिवाणूही विघटकच आहेत.

वाळवी, वाणी आणि गांडुळं पानाचे बारीक तुकडे करतात, मग बुरशी आणि जिवाणूंना आत शिरता येतं. पानाच्या शिरांतलं आणि लाकडातलं चिवट लिग्निन फोडण्यात बुरशीचा हात धरणारं कोणी नाही. वारूळ बांधणाऱ्या वाळवीच्या काही जाती तर बुरशीची शेतीच करतात. चावून आणलेल्या काडीकचऱ्यावर त्या वारुळात बुरशी वाढवतात आणि बुरशीनं मऊ केलेला तो माल खातात. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या म्हणजे याच बुरशीच्या छत्र्या. शेवटी पानातलं नत्र, स्फुरद, पालाश मुळांना घेता येईल अशा रूपात मातीत येतं. म्हणून जंगलाला कोणी खताचं पोतं टाकत नाही, तरी दरवर्षी नवी पालवी फुटते.

आता हाच हिशेब आपल्या शेताला लावून पाहा. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी पेटवली, की तिच्यातला कार्बन आणि बहुतेक नत्र धुरावाटे निघून जातं. राखेत थोडं पालाश, स्फुरद उरतं. पण पऱ्हाटी न पेटवता बांधावर रचून ठेवणंही धोक्याचं, कारण अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. 2017 साली या अळीनं आपल्या जिल्ह्याचं केलेलं नुकसान कोण विसरेल?

यावर उपाय विघटकांकडेच आहे. पऱ्हाटीची यंत्रानं कुट्टी करा. तिच्यात कार्बन भरपूर आणि नत्र कमी, म्हणून शेण आणि हिरवा पाला मिसळा, पाणी शिंपडून ढीग लावा आणि अधूनमधून उलथा. जिवाणू कामाला लागले की ढिगाच्या आत 50 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता वाढते, त्यात अळी मरते. कडेचा माल आत गेला पाहिजे, म्हणून उलथणं टाळू नका. खत तयार झालं की मूठभर हुंगून पाहा. पहिल्या पावसाचाच वास येईल.