सीडी प्लेअर घेताय? आधी हे तपासा!

मोबाईलमध्ये हवी ती गाणी असताना सीडी प्लेअर कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. आमच्या घरी साठेक सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या. त्यातल्या दोन मात्र बाजारात कुठेच मिळणार नाहीत. आजोबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटवरून काकांनी २००४ साली त्या राइट केल्या. आज आजोबा नाहीत आणि ती कॅसेटही नाही. घरात अॅम्प्लिफायर आहे, स्पीकर आहेत, फक्त प्लेअर नाही. बजेट तीन हजार, म्हणजे सेकंडहँडच! त्या निमित्ताने जे वाचलं आणि दुकानात उभं राहून तपासलं, ते इथे मांडतो.

आधी थोडी थिअरी. सीडी १९८२ साली जपानमध्ये विक्रीला आली. तिच्यावर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि चॅनेल दोन. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एक बिट म्हणजे अंदाजे ६ डेसिबल, म्हणून १६ बिटची रेंज झाली सुमारे ९६ डेसिबल. डोक्यावर पंखा गरगरत असताना यातली बरीचशी रेंज वायाच जाते! मग डब्यावर मोठ्या अक्षरात ‘२४ बिट डॅक’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे का मोजायचे? बऱ्यापैकी प्लेअरचं डिस्टॉर्शन ०.०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. स्पीकरचं खर्जात सहज एक टक्का होतं. म्हणजे पैसे उरले तर ते स्पीकरवर घाला.

मग प्लेअरमध्ये बघायचं काय? तर त्याची वाचण्याची ताकद. सीडीवरच्या शेजारच्या दोन ट्रॅकमधलं अंतर फक्त १.६ मायक्रोमीटर. एवढ्या बारीक रेषेवर लेझरला टिकून राहायचं असतं. मदतीला एरर करेक्शन आहे. ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा डेटा गेला तरी तो पूर्ण भरून काढता येतो. त्यापुढे प्लेअर अंदाजाने नमुने भरतो आणि तेही जमलं नाही तर आवाज बंद करतो. म्हणूनच सीडी पुसताना गोल फिरवून पुसू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि तोच जास्त नडतो.

आता दुकानातल्या चाचण्या. सोबत स्वतःच्या दोन सीडी न्या, एक कंपनीची आणि एक घरी राइट केलेली. (जिची दुसरी प्रत आहे अशीच न्या!)

१) ट्रे तीन-चार वेळा उघडा-बंद करा. अडखळत असेल तर बहुधा रबरी पट्टा सैल झालाय. हा खर्च किरकोळ असतो, पण भाव करायला उपयोगी पडतो.

२) सीडी टाकल्यावर गाण्यांची संख्या किती वेळाने दिसते ते बघा. बराच वेळ खरखर करत शोधत बसला, तर लेन्सवर धूळ असेल किंवा लेझर थकला असेल.

३) पहिल्या गाण्यावरून थेट शेवटच्या गाण्यावर उडी मारा. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि वाकडी सीडी कडेला जास्त डुलते. तिथे न अडकता वाजली तर मेकॅनिझम ठीक.

४) राइट केलेली सीडी वाजवा. तिच्यावरून परत येणारा प्रकाश साधारणपणे कमी असतो. अशक्त लेझर आधी इथेच हरतो.

माझ्यासाठी चौथी चाचणी सगळ्यांत महत्त्वाची होती. दोन जुने सीडी प्लेअर तिथेच बाद झाले! शेवटी मी चौदाशे रुपयांत एक जुना डीव्हीडी प्लेअर घेतला. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, तर सीडीला ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड. राइट केलेल्या सीडीतला रंग ७८० साठीच बनवलेला असल्यामुळे डीव्हीडी प्लेअरमध्ये ही दुसरी सोय असावी लागते. म्हणून डीव्हीडी प्लेअर घेतानाही ही चाचणी कराच. मागे कोएक्सियल डिजिटल आउटपुट असेल तर उत्तम, पुढे कधी वेगळा डॅक जोडता येतो. टीव्ही न जोडता गाणं बदलता यावं यासाठी पुढच्या बाजूला डिस्प्ले हवा.

जोडणी सोपी आहे. लाल-पांढऱ्या वायरी अॅम्प्लिफायरच्या ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’मध्ये लावा. ‘फोनो’मध्ये चुकूनही नको! ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं, तर सीडी प्लेअर सुमारे दोन व्होल्टपर्यंत देतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं. घरी राइट केलेल्या सीडीतला रंग उन्हाने आणि उष्णतेने हळूहळू मरतो. प्लेअर आज घ्या किंवा सहा महिन्यांनी घ्या, पण तशा सीडी आज रात्रीच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. प्लेअर बाजारात दुसरा मिळेल, घरच्या माणसाचा आवाज मिळणार नाही.