जपानातल्या हिएई डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या भाच्याला

पवनी, जि. भंडारा

भंते,

चारचौघांत भेटलास तर मी तुला पंचांग प्रणाम करीन आणि ‘आपण’च म्हणेन. चिवराचा तो मान आहे. पण हे पत्र तुझ्या मामाचं आहे, यात ‘तू’च राहू दे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहाटे उठायचं, आवार झाडायचं, लाकडी ओसरी ओल्या फडक्यानं पुसायची, सूत्रपठण करायचं आणि पुन्हा हातात झाडू घ्यायचा. धम्माबद्दल कोणी विचारत नाही, बाबासाहेबांचं नाव ऐकलेला माणूस भेटत नाही. मग ‘मामा, मी इथं कशाला आलो?’ असं तू विचारलंस. विचारलंस हे बरं केलंस. हा प्रश्न मनात दाबून वर्षं काढणारे शेवटी कडवट होतात.

सोपाऱ्याकडच्या पुण्ण भिक्खूची गोष्ट तुला पाठ आहे. तो सुनापरांतात जायला निघाला तेव्हा बुद्धांनी त्याला विचारलं, लोकांनी शिव्या दिल्या तर? दगड मारले तर? जीवच घेतला तर? प्रत्येक वेळी त्याच्याकडं शांत उत्तर होतं. तुला तिथं कोणी शिव्या देणार नाही की दगड मारणार नाही. तुझ्या वाट्याला दुर्लक्ष आलंय, आणि माझ्या मते तरुण माणसाला ते शिव्यांपेक्षा जड जातं. शिवी देणारा निदान आपल्याकडं बघतो तरी!

आता आपल्याकडं कोण कोण आलं ते आठव. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिलं ते चंद्रमणी महाथेरांनी. ते आराकानातले, ब्रह्मदेशाचे. किशोरवयात भारतात आले आणि कुशीनगरात आयुष्य काढलं. जिथं बौद्ध म्हणावा असा माणूस औषधाला मिळत नव्हता, तिथं ते राहिले. पुढं कधी नागपुरात लाखो लोक जमतील हे त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं. ते तिथं होते म्हणून त्या दिवशी इथं येऊ शकले. भदंत सुरई ससाईंचंही तसंच. १९६६ साली जपानहून आले, नागपुरात धम्मकार्यकर्ते वामनराव गोडबोल्यांना भेटले आणि इथलेच झाले. इथल्या भाषेत बोलले, इथल्या वस्त्यांत फिरले, इथलं नागरिकत्व घेतलं. या दोघांनी आपल्याला काय दिलं याचा विचार करताना मला त्यांची प्रवचनं फारशी आठवत नाहीत. ते निघून गेले नाहीत, हे आठवतं.

आणि आपल्या तालुक्यातलंच रुयाड! भदंत संघरत्न माणके लहान वयात जपानला गेले, तू आहेस त्याच तेंदाई परंपरेत वाढले, आणि मग आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात महास्तूप उभा राहिला. फेब्रुवारीतल्या धम्म महोत्सवाला तुझी आई दरवर्षी जाते. जपानला गेलेल्या त्या लेकरालाही पहिली काही वर्षं झाडूच मिळाला असणार.

तुझ्या डोक्यावर जो डोंगर आहे, तिथल्या मुख्य मंदिरातला दिवा तू पाहिलास का? तेंदाई परंपरा तिथं सुरू करणाऱ्या साइचोंनी ७८८ मध्ये तिथं आश्रम मांडला तेव्हापासूनचा तो दिवा मानतात. १५७१ मध्ये नोबुनागा या सरदारानं अख्खा डोंगर जाळला, हजारो माणसं मारली, तेव्हा तोही विझला. पण त्या आधीच त्याची ज्योत उत्तरेकडच्या यामादेरा मंदिरात नेलेली होती. तिथून ती परत आणली. आपल्याकडंही असंच काहीसं झालं. इथं पवनीत जगन्नाथ टेकडीखाली १९६९-७० च्या उत्खननात स्तूप निघाला, कठड्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख निघाले. ज्या गावात एवढा स्तूप होता त्या गावाला शेकडो वर्षं त्याचा पत्ताही नव्हता. इथं विझलेलं बाहेर कुठंतरी कोणीतरी सांभाळलं, म्हणून आज तुझी आई त्रिशरण म्हणते. तू आता त्या सांभाळणाऱ्यांच्या घरी आहेस. तिथं पाहुण्यासारखा बसू नकोस आणि उपदेशकासारखा तर मुळीच नको.

तिथले पुरोहित लग्न करतात, काही जण मद्य घेतात, हे पाहून तू हादरलास. साहजिक आहे, आपल्याकडच्या भिक्खूकडून आपण असं धरतच नाही. पण १८७२ मध्ये मेजी सरकारनं कायद्यानं मोकळीक दिली आणि तेव्हापासून तिथली मंदिरं बापाकडून लेकाकडं जात आली, हे आधी समजून घे. तुझं शील तू काटेकोर पाळ. पेला पुढं आला तर हात जोडून नाही म्हण, कारण सांगत बसू नकोस. त्यांच्या घरात राहून त्यांचे दोष इकडच्या गटावर लिहू नकोस, ते मला अजिबात चालणार नाही.

तू लिहिलंस की लोक फक्त कोणी मेलं की मंदिरात येतात. मग तेच तुझं दार आहे! म्हातारी बाई नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला येते, तिचा मुलगा तोक्योत असतो, तिच्याशी आठवड्यात कोणी बोललेलं नसतं. तिच्यासाठी चहा ठेव, तिचं ऐक. जपानी तुटकं असलं तरी चालेल, ऐकायला फार शब्द लागत नाहीत. भिक्खू स्वतःपुरता आदर्श माणूस व्हायचा की समाजाचा सेवक, असा प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच मांडलाय. त्यांना सेवक हवा होता. त्याचं उत्तर तुला ओसरीवर द्यायचंय.

समाध्यांच्या मागं उभ्या लाकडी फळ्या असतात, त्यांवरची सिद्धम अक्षरं कुंचल्यानं लिहायला शीक. ती आपल्या ब्राह्मीतूनच निघालेली. इथं आता ती फारशा कोणाला वाचता येत नाहीत. सद्धर्मपुंडरीक सूत्र तू चिनी भाषांतरातून जपानी उच्चारात म्हणतोस, ते अर्थासह वाच. अर्थ न कळता महिनोन् महिने पठण केलं तर श्रद्धा कोरडी पडणारच, त्यात तुझं काही चुकलं नाही. ध्यानात मन लागत नाही म्हणून घाबरू नकोस. बसायची वेळ मात्र चुकवू नकोस.

ओसाकाकडची आपली मराठी पोरं रविवारी बुद्धवंदनेला बोलावतात, त्यांच्याकडं जा. महिन्यातून एकदा. त्यांच्यात बसून फक्त गावाकडच्या गप्पा आणि निवडणुका होत असतील तर लवकर ऊठ. तू त्यांचाही आहेस, पण त्यांच्यापुरता नाहीस.

निवडणुकीवरून आठवलं. १९५४ साली बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्याच वर्षी डिसेंबरात, तब्येत साथ देत नसतानाही, ते रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. दोन वर्षांत दीक्षा झाली. आपला जिल्हा त्यांना हरवणारा जिल्हा आहे, हे आपण विसरता कामा नये. तू तिथं जे काही करशील त्यात थोडी तीही फेड आहे.

इथं धानाची रोवणी संपत आली. तुझी आई अजून बांधीत उतरते, ऐकत नाही. लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी पाठवते म्हणाली, तुमच्याकडं टपालानं काय चालतं ते तिथं विचारून कळव. तिला फोनवर ‘सगळं ठीक’ एवढंच सांगतोस, ते तिला खरं वाटत नाही. येत्या रविवारी तिच्याशी नीट बोल, काय खाल्लंस, कुठं झाडलंस, सगळं सांग, आणि थंडी सुरू होण्याआधी गरम कपडे घे.

जय भीम. नमो बुद्धाय.

तुझा मामा