लक्ष नाही

‘लक्ष नाही.’ प्रगतिपत्रकातील शेऱ्याच्या रकान्यात हे दोन शब्द आम्ही आजवर किती वेळा लिहिले असतील, याची मोजदाद आता शक्य नाही. आमचा विषय इतिहास. मेंदूविज्ञानाचे रीतसर शिक्षण आम्ही घेतलेले नाही. तरीही या स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला तेव्हा ‘अवधान’ हाच विषय आम्ही निवडला. त्याचे कारण एक विद्यार्थी आहे. त्याच्याविषयी पुढे सांगू. आधी विषय समजून घेऊ.

डोळे, कान, त्वचा ही सारी दारे सतत उघडी असतात. त्यांतून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची दखल घेणे मेंदूला परवडणारे नाही. त्याला निवड करावी लागते, आणि निवड म्हटली की कशाचा तरी त्याग आलाच. ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ साली हा त्याग किती मोठा असतो ते दाखवून दिले. त्यांनी प्रयोगात सहभागी झालेल्यांच्या दोन्ही कानांत एकाच वेळी दोन वेगळी भाषणे ऐकवली आणि एका कानातील भाषण शब्दागणिक मोठ्याने म्हणावयास सांगितले. नंतर दुसऱ्या कानात काय ऐकले असे विचारता कोणालाही फारसे काही सांगता येईना. पुरुषाच्या आवाजाच्या जागी स्त्रीचा आवाज आला हे कळले होते. परंतु इंग्रजी भाषण मध्येच जर्मन झाले, हे बहुतेकांच्या ध्यानातही आले नव्हते. पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे यांना आढळले की दुर्लक्षित कानात त्या व्यक्तीचे स्वतःचे नाव उच्चारले, तर सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू येते. वर्गात मुलाला नावाने हाक मारणारे जुने गुरुजी हे कोणत्याही प्रयोगाशिवाय जाणत होते.

ही निवड कोण करते? कपाळामागील भाग, ज्यास प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा पार्श्वखंड यांचे जाळे त्यात प्रमुख आहे. समोर अनेक गोष्टी आल्या की चेतापेशींत चढाओढ लागते. हे जाळे त्यांपैकी एका पक्षाच्या बाजूने कौल देते. मोरान आणि डेसिमोन यांनी १९८५ साली माकडांवरील प्रयोगात याचा पुरावा मिळवला. एकाच चेतापेशीच्या टप्प्यात दोन आकृत्या होत्या. माकडाने जिच्याकडे दुर्लक्ष करावयाचे होते, त्या आकृतीला मिळणारा पेशीचा प्रतिसाद क्षीण झाला. आकृती डोळ्यांसमोरच होती, ती काही हलली नव्हती. बदलले होते ते केवळ अवधान.

याखेरीज दुसरे एक जाळे आहे. ते मुख्यतः मेंदूच्या उजव्या भागात असते आणि अनपेक्षित गोष्टीकडे आपल्याला वळवते. दार आपटले की साऱ्या वर्गाच्या माना वळतात, त्या यामुळे. तो बेशिस्तपणा नव्हे. ज्या जीवाची मान वळली नाही, तो रानात फार काळ टिकला नसता. मेंदूच्या देठातील लोकस सेरुलियस हा चिमुकला पेशीसमूह नॉरअॅड्रिनॅलिन स्रवून जागृतीची पातळी राखतो. ती फार खाली गेली तर डुलकी लागते, आणि भीतीने फार वर गेली तर मन एका ठिकाणी ठरत नाही. छडीने लक्ष वाढते असे मानणाऱ्यांनी हा दुसरा भाग अवश्य ध्यानात घ्यावा.

पार्श्वखंडाचे महत्त्व इटलीतील मिलान शहरातील रुग्णांनी फार विलक्षण रीतीने उघड केले. बिसियाक आणि लुझ्झाती यांनी १९७८ साली त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या उजव्या बाजूस इजा झालेल्या या रुग्णांना डाव्या बाजूच्या जगाचे भान राहत नसे. त्यांना गावातील परिचित चौक डोळ्यांसमोर आणण्यास सांगितले: आपण कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत, काय दिसते? त्यांनी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग सांगितले, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून चौकाकडे पाहा. आता मघाशी गाळलेल्या इमारती त्यांनी सांगितल्या आणि मघाच्या गाळल्या! सारा चौक त्यांच्या स्मरणात शाबूत होता. पण अवधान पोहोचेल तेवढाच त्यांच्या वाट्याला येत होता. हे वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. ठाऊक असणे आणि त्या क्षणी हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हांला कधी सुचले नव्हते.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. इयत्ता आठवीत होता. वर्गात तो खिडकीबाहेर पाही, प्रश्न विचारला की दचके. आम्ही पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकात ‘लक्ष नाही’ असे लिहिले, आणि दुसऱ्यातही तेच. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत सुटका नव्हती, आणि धाकटी बहीण गावी आजारी आजीपाशी होती. हे आम्हांला त्याच्या मामांकडून कळले, तेही कारखान्याचा पट्टा पडल्यानंतर. मुलाचे लक्ष होते, पूर्ण होते. ते केवळ आमच्या धड्यावर नव्हते.

ऊस पिकवणाऱ्यांवरच झालेला एक अभ्यास पुढे आमच्या वाचनात आला. तामिळनाडूतील विल्लुपुरम आणि तिरुवन्नमलाई या जिल्ह्यांत ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेण्यात आली: तोडणीपूर्वी हात रिकामे असताना, आणि तोडणीनंतर पैसा हाती आल्यावर. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीच माणसे तोडणीपूर्वी चाचणीत कमी ठरली होती. त्यांची बुद्धी बदलली नव्हती. पैशाच्या विवंचनेने अवधानाची जागा व्यापली होती. या निष्कर्षावर इतर संशोधकांनी आक्षेपही नोंदवले आहेत, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने एकाच साधनावर विसंबू नये हे खरे. पण ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना मंदबुद्धी म्हणून हिणवले गेले, त्या समाजातून आलेल्या शिक्षकाने हा अभ्यास वाचून पुढे जावे, हे आम्हांला जमले नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातील परळच्या चाळीचा प्रसंग येथे आठवतो. एकच खोली, त्यातच स्वयंपाक, सरपण, धूर आणि माणसांची वर्दळ. सुभेदार रामजींनी मुलाला ‘लक्ष दे’ असा उपदेश करून भागवले नाही. त्यांनी वेळ बदलली. मुलाला लवकर निजवावे, स्वतः जागावे, आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवून मग आपण निजावे. चाळ शांत असण्याची जी एक वेळ होती, ती त्यांनी मुलाच्या हवाली केली. या प्रसंगातून मुलाच्या जिद्दीचे वर्णन नेहमी होते. बापाच्या झोपेचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

सवयीने अवधान काही अंशी वाढते, हेही खरे. आपल्या शाळेत प्रातःकाळी आनापानाचा जो सराव होतो, त्यात मन श्वासावरून सुटते, सुटल्याचे कळते, पुन्हा आणले जाते. सुटल्याचे कळणे हाच त्यातील मोलाचा क्षण. तेथेच सति आहे. परंतु लहान मुलांकडून मोठ्यांइतक्या संयमाची अपेक्षा करू नये. प्रीफ्रंटल भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते.

वसतिगृहात मुलांना घरी दूरध्वनीवर बोलण्याची वेळ पूर्वी रात्रीच्या अभ्यासिकेनंतर होती. सहकाऱ्यांशी चर्चा करून आम्ही ती अभ्यासिकेच्या आधी आणली. ऑक्टोबर ते मार्च या हंगामात ऊसतोड कामगारांच्या मुलांचा क्रम पहिला असतो. शेऱ्याच्या रकान्यात आता आम्ही काही लिहिण्यापूर्वी मुलाला जवळ बसवून विचारतो, “बाळा, घरी कोण कोण आहे सध्या?” काही मुले लगेच सांगतात. काहींना दोन-तीन दिवस लागतात.