नीलमोहराचे माहेर

चैत्राच्या उन्हात पुण्यातील एखाद्या रस्त्याने जावे, तो माथ्यावर निळ्याजांभळ्या फुलांचे छत आणि पायांखाली त्याच फुलांचा सडा! हा नीलमोहर. गुलमोहराच्या नावावरून त्याचे नाव बेतलेले आहे. परंतु दोघांचे नाते नावापुरतेच. नीलमोहर हा आपल्या रानातील टेटूच्या कुळातला. पाने मात्र दोघांचीही इतकी नाजूक की, फुले नसताना जाणत्याचीही फसगत व्हावी. फळ पाहिले म्हणजे संशय फिटतो. गुलमोहराची शेंग तलवारीसारखी लांब. नीलमोहराचे फळ चपटे, वाटोळे, डबीप्रमाणे उघडणारे. आतील बियांना कागदासारखे पातळ पंख असतात.

हा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेतला. वायव्य अर्जेंटिना व दक्षिण बोलिव्हिया येथे अँडीज पर्वताच्या पूर्व पायथ्याशी जी अरण्ये आहेत, ते त्याचे माहेर. तेथील लोक त्याला ‘तार्को’ म्हणतात. दक्षिण गोलार्धातला वसंत आपल्या आश्विन-कार्तिकात येतो; तेव्हा तो तिकडे फुलतो. माणसाने त्याला देशोदेशी नेले. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया शहरात १८८८ साली त्याची दोन रोपे लावली गेली. आज ते नगर त्याच्याच नावाने ओळखले जाते. पुढे वाऱ्याने उडालेले बी ओढ्याकाठी रुजून तेथील मूळच्या झाडांची जागा बळकावू लागले, तेव्हा त्याच्या नव्या लागवडीवर निर्बंध घालावे लागले!

अशा वृक्षाला भय ते कसले? तथापि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत नीलमोहराची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. ही सूची रानात आपोआप वाढणाऱ्या झाडांचा विचार करते. रस्त्याकडेला लावलेली झाडे तीत धरली जात नाहीत. अँडीजच्या पायथ्याची जमीन सखल व सुपीक. उसाच्या मळ्यांसाठी आणि पुढे सोयाबीनसाठी तेथील अरण्य विस्तीर्ण प्रमाणावर तोडले गेले.

शहरातील झाडे माणसाने फुलांच्या शोभेसाठी लावलेली असतात. रानातील झाडे मात्र कोणी ओढ्याकाठी, कोणी कोरड्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या तगलेली. त्यांच्या अंगचे निरनिराळे गुण त्यांच्या बियांत उतरतात. उद्या एखादा नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारे बी शोधण्यास माळ्याला तेथेच जावे लागेल. अर्जेंटिनाच्या हुहुई प्रांतात १९७९ साली कालिलेग्वा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्याने डोंगरउतारावरील बरेच अरण्य राखले. पायथ्याच्या रानाचा मात्र थोडाच भाग अशा संरक्षणाखाली आला आहे, आणि नांगर चालतो तो तेथेच.